बीटामेथासोन व्हॅलरेटचं क्रीम अधिक सुरक्षित करायचंय: नॅनो मेदकणांनी नेमकं काय साधतं?

मेदकण:

बीटामेथासोन १७-व्हॅलरेट या त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडचं (व्हॅलरेट ०.१२२ टक्के, म्हणजे बीटामेथासोन ०.१ टक्का) असं फॉर्म्युलेशन हवं आहे की औषध एपिडर्मिसमध्ये (त्वचेच्या वरच्या थरात) टिकावं आणि डर्मिसमध्ये (खालच्या थरात) व रक्तात कमी उतरावं. कातडी पातळ होण्याचा धोका कमी करणं हा मुख्य हेतू.

औषध मेदाच्या नॅनोकणांत घालण्याची सध्याची कृती, १०० ग्रॅमसाठी: ग्लिसरिल बेहेनेट ७ ग्रॅम, मध्यम साखळीचे ट्रायग्लिसराइड ३ ग्रॅम, पोलोक्झॅमर १८८ अडीच ग्रॅम, औषध ०.१२२ ग्रॅम, बाकी पाणी. मेद ८५ अंशांवर वितळवून त्यात औषध, त्याच तापमानाच्या पाण्यात प्री-इमल्शन, मग होमोजिनायझरमधून ५०० बारवर तीन फेऱ्या. कणांचा आकार साधारण १८० नॅनोमीटर, पीडीआय (आकारांतली तफावत) ०.२. थंड झाल्यावर जेल होण्यासाठी १ टक्का कार्बोमर भुरभुरून ट्रायइथॅनोलामीनने पीएच ६.८ वर आणतो. अल्ट्राफिल्ट्रेशनने एन्ट्रॅपमेंट (कणांत अडकलेलं औषध) ९२ टक्के येतं.

अडचणी तीन. ४० अंशांवरच्या नमुन्यात यूव्ही शोषणाने अॅसे (औषधाचं प्रमाण) ९९ टक्के दिसतो, पण घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीत मुख्य पीकशेजारी दुसरं पीक वाढत चाललंय. फ्रांझ सेलमध्ये (वर क्रीम, मध्ये सेलोफेन मेम्ब्रेन, खाली रिसेप्टरमध्ये पीएच ७.४ फॉस्फेट बफर) साध्या क्रीमपेक्षा औषध बरंच हळू बाहेर येतं, याला 'सुरक्षित' म्हणता येईल का? आणि जुन्या नमुन्यात सुईसारखे स्फटिक दिसतात. औषध विरघळलेलं राहावं म्हणून २ टक्के ओलेइक आम्ल घालावं, असा विचार आहे.

पायस:

स्फटिक, पीक आणि एन्ट्रॅपमेंट यांचा एकमेकांशी संबंध आहे. पण आधी पीकचं बघू, कारण ते सगळ्यात स्वस्तात सुटतं.

ते पीक बहुतेक २१-व्हॅलरेटचं आहे. पीएच वाढला की १७ क्रमांकाच्या कार्बनवरचा व्हॅलरेट गट शेजारच्या २१ वर सरकतो आणि पुढे तो एस्टरही तुटून नुसतं बीटामेथासोन उरतं. २१-व्हॅलरेटचा त्वचेवरचा प्रभाव १७ पेक्षा खूपच कमी. म्हणजे नळीवर जोरदार स्टिरॉइड लिहिलेलं आणि आत कमजोर. यूव्हीला हे कळतच नाही, कारण २४० नॅनोमीटरला प्रकाश शोषणारा ए-कड्याचा भाग तिन्ही रेणूंत तसाच असतो. स्थिरतेच्या अभ्यासातून यूव्ही अॅसे काढूनच टाका. एचपीएलसीत १७, २१ आणि बीटामेथासोन या तिघांची स्टँडर्ड लावून तिन्ही आकडे स्वतंत्र लिहा.

हा रेणू पीएच ४ ते ५ च्या आसपास सर्वांत टिकतो. तुम्ही त्याला ६.८ वर बसवलंय, तेही फक्त कार्बोमर घट्ट व्हावा म्हणून. जेलसाठी औषधाचा बळी द्यायचं कारण नाही. हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज दीड ते दोन टक्के घ्या. त्याला पीएचची पर्वा नसते आणि बफरातल्या क्षारांनी तो पातळ पडत नाही. कार्बोमरमध्ये सायट्रेट बफर घातलात तर चिकटपणा कोसळेल. बफर शेवटी घालू नका, इमल्शनच्या पाण्यातच सुरुवातीपासून पीएच ४.५ ते ५ ठेवा, कारण ८५ अंशांवर जे काही बिघडायचं ते पाण्याच्या बाजूने बिघडतं. फक्त क्षारांची मात्रा कमीत कमी ठेवा. पोलोक्झॅमरमुळे कण बरेचसे सांभाळले जातात, पण क्षार जास्त झाले तर डिस्पर्शन गोठून दह्यासारखं होतं.

आता स्फटिक. तुमच्या १०० ग्रॅममध्ये मेद १० ग्रॅम, म्हणजे मेदात औषध १.२२ टक्के. वितळलेल्या मेदात ते विरघळतं, पण प्रश्न थंड झालेल्या मेदाचा आहे. ग्लिसरिल बेहेनेट गोठताना आधी अव्यवस्थित अल्फा रूपात जातो आणि ठेवल्या जागी हळूहळू नीट रचलेल्या बीटा रूपाकडे सरकतो. रचना जितकी नीट, तितकी परक्या रेणूला जागा कमी. औषध बाहेर ढकललं जातं आणि पाण्यात विरघळत नाही म्हणून सुया होतात. एनएलसीत (घन आणि द्रव मेद मिसळलेल्या नॅनोकणांत) द्रव मेद घालतात तो रचना बिघडलेली राहावी म्हणूनच, पण तुमच्या बाबतीत तो पुरत नाही असं दिसतंय.

होमोजिनायझर चालू करण्याआधी एक साधी चाचणी करा. घन आणि द्रव मेदाची वेगवेगळी प्रमाणं (८:२, ७:३, ६:४) घेऊन त्यांत औषध वितळवा, काचपट्टीवर थेंब टाकून थंड करा आणि दुसऱ्या दिवशी व आठवड्याने ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मेदाचेही स्फटिक चमकतात, त्यामुळे बिनऔषधाची पट्टी शेजारी हवीच. डीएससीत (तापवताना शोषलेली उष्णता मोजणाऱ्या यंत्रात) बेहेनेटचं ७० अंशांच्या आसपासचं वितळण पीक साठवणीत वर सरकतंय आणि टोकदार होतंय का, तेही पाहा.

आणि तो ९२ टक्क्यांचा आकडा. पाण्यात न विरघळणारं औषध कणाबाहेर स्फटिक होऊन पडलं असलं तरी अल्ट्राफिल्टर त्याला अडवतोच. तुम्ही ते 'कणात अडकलं' असं मोजताय. आधी हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करून तळाला काय बसतं ते पाहा, त्यातलं औषध मोजा. या विषयातल्या चकचकीत एन्ट्रॅपमेंट आकड्यांवर माझा सरसकट अविश्वास आहे, तो याच कारणाने.

तुलनेला एक साधं क्रीम स्वतः करा, नाहीतर दिसणारा फरक कणांमुळे आहे की बेसमुळे, हे कधीच कळणार नाही. १ किलोसाठी: सेटोस्टिअरिल अल्कोहोल ७२ ग्रॅम, सेटोमॅक्रोगॉल १००० १८ ग्रॅम, पांढरं सॉफ्ट पॅराफिन १५० ग्रॅम, लिक्विड पॅराफिन ६० ग्रॅम, क्लोरोक्रेसॉल १ ग्रॅम, औषध १.२२ ग्रॅम, पीएच साधारण ४.५ ते ५ चं बफर घातलेलं पाणी १ किलो भरेपर्यंत. दोन्ही फेज ७० ते ७५ अंशांवर एकत्र, दहा मिनिटं होमोजिनायझर, मग पॅडलने हळू ढवळत थंड. ४५ अंशांखाली आल्यावर मायक्रोनाइज्ड औषध थोड्या राखून ठेवलेल्या लिक्विड पॅराफिनमध्ये घोटून घाला. जॅकेटमध्ये एकदम थंड पाणी सोडलं तर भिंतीलगत सेटोस्टिअरिलचे दाणे धरतात, ते नंतर कितीही ढवळा, जात नाहीत. शिवाय सेटोमॅक्रोगॉलचे मायसेल (रेणूंचे पुंजके) क्लोरोक्रेसॉलचा मोठा भाग स्वतःकडे ओढून घेतात, तेव्हा '०.१ टक्का घातलाय' एवढ्यावर निर्धास्त राहू नका, प्रिझर्व्हेटिव्ह चॅलेंज टेस्ट (मुद्दाम जंतू घालून पाहणी) करा.

३२_अंश:

पायस यांनी कृतीचं सांगितलं, मी मोजमापाचं सांगतो. तुमच्या प्रयोगातून सुरक्षिततेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

सेलोफेनची छिद्रं इतकी बारीक की १८० नॅनोमीटरचा कण त्यातून जाऊच शकत नाही. औषधाला आधी कणातून पाण्यात यायचं, मग मेम्ब्रेन ओलांडायचं. तुम्ही कणाइतकंच मेम्ब्रेनही मोजताय. शिवाय नुसत्या ७.४ बफरात हे औषध जेमतेम विरघळतं, सिंक कंडिशन (आणखी औषध विरघळायला भरपूर वाव) राहत नाही, आणि वर त्या पीएचला ते २१-व्हॅलरेट होत जातं. 'हळू रिलीज' म्हणजे रिसेप्टर भरून गेला, इतकाच अर्थ असू शकतो.

रिलीज टेस्ट हवी असेल तर ०.४५ मायक्रॉनचं कृत्रिम मेम्ब्रेन, ३२ अंश, आणि आम्लधर्मी बफरात ३० ते ५० टक्के इथेनॉल. शेवटच्या नमुन्यातली तीव्रता त्या द्रवातल्या संपृक्ततेच्या एक दशांशाखाली आहे ना, ते तपासा. सहा सेल, सहा तासांत किमान पाच नमुने, आणि रिलीज विरुद्ध वेळेचं वर्गमूळ असा आलेख. उतार म्हणजे रिलीज रेट. दोन बॅच ताडायच्या तर अमेरिकी एफडीएच्या १९९७ च्या सुपॅक-एसएस मार्गदर्शिकेतली पद्धत सोपी आहे: ६ गुणिले ६ असे ३६ भागाकार चढत्या क्रमाने मांडायचे, आठवा आणि एकोणतिसावा ७५ ते १३३.३३ टक्क्यांत बसला पाहिजे. पण ही टेस्ट बॅचमधला बदल पकडण्यासाठी आहे. औषध त्वचेत कुठे जाऊन बसेल ते तिला माहीत नसतं.

त्यासाठी खरी त्वचा लागते. माणसाची, डर्मॅटोमने सुमारे ५०० मायक्रॉन जाडीची काढलेली. न मिळाल्यास डुकराच्या कानाची. उंदराची नको, ती फार झिरपते आणि तुमचा फरक खोटा ठरवते किंवा खोटाच निर्माण करते. प्रयोगाआधी ट्रान्सएपिडर्मल वॉटर लॉस (त्वचेतून उडणारं पाणी) मोजून फाटके तुकडे बाजूला काढा. डोस मर्यादित ठेवा: चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. कपभर क्रीम ओतून केलेला इन्फिनिट डोस इथे निरुपयोगी, कारण प्रत्यक्षात क्रीममधलं पाणी उडून जातं आणि उरलेल्या थरात औषधाची अवस्था पूर्ण बदलते.

हिशेब करून पाहा. १० मिलिग्रॅममध्ये औषध १२.२ मायक्रोग्रॅम. त्यातलं समजा १ टक्का २४ तासांत आरपार गेलं तर १२२ नॅनोग्रॅम. ५ मिलिलिटर रिसेप्टरमध्ये मिलिलिटरला २४ नॅनोग्रॅम. हे यूव्हीने दिसणार नाही, कितीतरी संवेदनशील अशी एलसी-एमएस पद्धत लागेल. रिसेप्टरमध्ये ४ टक्के बोवाइन अल्ब्युमिन किंवा हायड्रॉक्सीप्रोपिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन घाला. इथे भरपूर इथेनॉल घालायचा मोह टाळा. तो मागच्या बाजूने शिरून त्वचेचा अडसर मोडतो.

२४ तासांनी पृष्ठभाग पुसून घ्या, चिकटपट्टीने साधारण वीस थर काढा. पहिल्या एक-दोन पट्ट्यांवर बहुधा न शिरलेलं क्रीमच असतं, त्या वेगळ्या मोजा. उरलेला तुकडा ६० अंशांच्या पाण्यात एक मिनिट ठेवला की एपिडर्मिस चिमट्याने सुटून येतो. मग पुसलेलं, पट्ट्या, एपिडर्मिस, डर्मिस, रिसेप्टर अशी पाचही ठिकाणं मोजा, प्रत्येकात १७, २१ आणि बीटामेथासोन. बेरीज ९० ते ११० टक्क्यांत येत नसेल तर पुढचे निष्कर्ष काढू नका. सुरक्षिततेचा दावा करायचा तर तो 'एपिडर्मिसमध्ये तेवढंच किंवा जास्त, डर्मिस आणि रिसेप्टरमध्ये कमी' या आकड्यांवर करा. सगळीकडेच कमी असेल तर तुम्ही फक्त कमजोर क्रीम बनवलंय. ते करायला होमोजिनायझर लागत नाही.

ओलेइक आम्ल नको. ते स्ट्रॅटम कॉर्नियममधल्या (त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातल्या) मेदाची घडी विस्कटून सगळ्यालाच वाट मोकळी करतं, आणि तुम्हाला हवंय त्याच्या बरोबर उलट होतं.

त्वचा_ओपीडी:

वरचं सगळं मान्य, पण 'एपिडर्मिसमध्ये ठेवलं की सुरक्षित' हे गृहीतक थोडं तपासून घ्या.

कातडी पातळ होते ती दोन्हीकडून. डर्मिसमधल्या फायब्रोब्लास्टची कोलॅजेननिर्मिती घटते, त्यातून रेघा आणि फुगलेल्या केशवाहिन्या. पण एपिडर्मिसच्या पेशींचं विभाजनही मंदावतं आणि त्यांची सिरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं बनवण्याची क्षमता कमी होते. काही दिवसांच्या जोरदार स्टिरॉइडनेही त्वचेचा अडसर कमकुवत होतो, वरून कातडी चांगली दिसत असली तरी. म्हणजे औषध एपिडर्मिसमध्ये साठवून तुम्ही एका थराचा धोका कमी करता आणि दुसऱ्याचा कदाचित वाढवता. सूज आणणाऱ्या पेशी तर दोन्ही थरांत असतात. म्हणून आकडे थरांचे घ्या, पण निवाडा परिणाम आणि पातळपणा यांच्या गुणोत्तरावर करा. पातळपणा २० मेगाहर्ट्झ अल्ट्रासाउंडवर जाडी मोजून पाहता येतो.

दुसरं, मेदकण त्वचेवर पातळ थर करतात आणि पाणी उडू देत नाहीत. कोरड्या एक्झिमाला ते चांगलं. पण झाकलेल्या त्वचेतून स्टिरॉइड कित्येक पटींनी जास्त जातं. हायड्रोकॉर्टिसोनच्या बाबतीत झाकल्यावर दहापट शोषण मोजलेलं आहे. तुमचा 'सुरक्षित' बेस स्वतःच जोर वाढवत असेल, हे ३२_अंश यांच्या प्रयोगात दिसायला हवं. आणि तो प्रयोग निरोगी त्वचेवर असेल. एक्झिमाच्या जागी अडसर आधीच मोडलेला असतो, तिथे कणांची करामत फारशी उरत नाही. कातडी बरी होत आली की फरक दिसू लागतो.

जागेचा फरक तर सगळ्या कृतींपेक्षा मोठा. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोनचं शोषण मोजलं: हाताच्या पुढच्या भागाला १ धरलं तर तळपाय ०.१४, कपाळ ६, जबडा १३, वृषणकोश ४२. तुम्ही फॉर्म्युलेशनमधून दुप्पट-तिप्पट सुधारणा आणलीत आणि रुग्णाने ते चेहऱ्याला फासलं, तर सगळं वाया. चेहऱ्यावर केसांची मुळंही दाट असतात, आणि काहीशे नॅनोमीटरचे कण त्या मुळांत जाऊन साठतात. मुरमांच्या औषधात हे हवंसं असतं, स्टिरॉइडमध्ये मुळीच नाही. स्टिरॉइडने येणारे फोड तिथूनच सुरू होतात.

आणि मला कायम वाटतं की वाहक बदलण्याआधी रेणू बदलून बघावा. प्रेडनिकार्बेट, मिथाइलप्रेडनिसोलोन असेपोनेट यांसारखे हॅलोजन नसलेले दुहेरी एस्टर त्वचेत काम करून तिथेच किंवा रक्तात पोचताच कमजोर रूपात मोडतात. एसएलएनमध्ये (फक्त घन मेदाच्या नॅनोकणांत) प्रेडनिकार्बेट घालून ते एपिडर्मिसमध्ये जास्त साठवल्याचं काम २००० च्या सुमारास झालेलं आहे. दोन्ही युक्त्या एकत्र चालतात.

मेदकण:

खूप मुद्दे मिळाले. कार्बोमर आणि सेलोफेन दोन्ही काढतोय. आणखी दोन विचारतो. अडसर सांभाळायला बेसमध्ये १० टक्के युरिया किंवा सिरामाइड घातलं तर? आणि औषधाचं प्रमाण ०.१ वरून ०.०५ वर आणलं तर धोका सरळ अर्धा होईल का?

पायस:

युरियाचं नाव ऐकून धस्स झालं. तो पाण्यात हळूहळू मोडतो, अमोनिया सुटतो आणि पीएच वर चढतो. म्हणजे २१-व्हॅलरेटचं कारण तुम्ही स्वतःच नळीत भरून ठेवणार. लॅक्टिक आम्ल-लॅक्टेट बफर भक्कम घालून काही काळ रोखता येतं, पण भक्कम बफर म्हणजे क्षार, आणि क्षार म्हणजे मेदकणांचं गोठणं. शिवाय १० टक्के युरिया स्वतःच औषधाला आत ढकलतो आणि चिरलेल्या त्वचेवर झोंबतो. रुग्णाला युरिया हवा असेल तर तो वेगळ्या क्रीममधून, वेगळ्या वेळी.

सिरामाइड चालेल, पण एकटं नको. सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ल तिन्ही सममोल प्रमाणात घाला. अपुरं मिश्रण अडसराची दुरुस्ती उलट लांबवतं. सिरामाइड एनपी वितळायला हट्टी असतं. ७५ अंशांच्या मेदफेजमध्ये ते नुसतं तरंगतं, ९० अंशांच्या पुढे नेऊन फॅटी अल्कोहोलमध्ये पूर्ण पारदर्शक झाल्यावरच पाण्याची फेज घाला. थंड झाल्यावर त्याचेही स्फटिक पडू शकतात आणि ते औषधाच्या सुयांशी गल्लत करतात, तेव्हा बिनऔषधाचा नमुना इथेही जवळ ठेवा.

३२_अंश:

प्रमाण अर्धं म्हणजे धोका अर्धा, हे फक्त बाकी सगळं तसंच राहिलं तर. औषध आत जातं ते टक्क्यांच्या जोरावर नाही, बेसमध्ये ते संपृक्ततेच्या किती जवळ आहे त्यावर. ०.१ टक्का एखाद्या बेसमध्ये निम्मं संपृक्त असेल आणि ०.०५ टक्का दुसऱ्या बेसमध्ये पूर्ण संपृक्त, तर सुरुवातीला दुसरंच वेगाने जाईल. तयार क्रीम साध्या मलमात मिसळून 'सौम्य' केल्यावर प्रभाव त्याच प्रमाणात उतरत नाही, तो याचमुळे. वर प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतो आणि पीएच कुठे जातो ते कोणी बघत नाही.

हीच गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. एकूण औषध कमी ठेवा, पण बेस असा निवडा की तेवढंच औषध संपृक्ततेच्या जवळ राहील. एकूण साठा कमी म्हणजे जास्त फासलं तरी शरीरात जाऊ शकणाऱ्या मात्रेला मर्यादा पडते. हॅलोबेटासोल प्रोपियोनेटचं ०.०१ टक्क्याचं लोशन याचं चांगलं उदाहरण. अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं, जुन्या ०.०५ टक्क्याच्या क्रीमपेक्षा औषध एक पंचमांश, आणि वापराची मुदत दोन आठवड्यांऐवजी आठ आठवड्यांपर्यंत. कणही नाहीत त्यात, नीट रचलेलं पॉलिमरिक इमल्शन आहे.

फक्त संपृक्ततेच्या जवळ गेलात की स्फटिक पुन्हा दारात उभे. प्रॉपिलिन ग्लायकॉल ५ ते १० टक्के, आणि साठवण ५ व ४० अंशांच्या फेऱ्यांत तपासा. नुसत्या ४० वर ठेवलेला नमुना स्फटिक लपवतो.

त्वचा_ओपीडी:

प्रॉपिलिन ग्लायकॉल ५ च्या जवळ ठेवा, एक्झिमाच्या त्वचेला झोंबतं आणि काहींना त्याची अॅलर्जी असते.

माणसांवर जाल तेव्हा दोन वेगळ्या चाचण्या लागतील, त्यांची सरमिसळ करू नका. मॅकेन्झी-स्टॉटन पद्धतीची त्वचा पांढरी पडण्याची चाचणी (१९६२ पासूनची) जोर सांगते, सुरक्षितता नाही. कातडी जास्त पांढरी पडली म्हणजे क्रीम 'चांगलं' असं लिहिलेले अहवाल मी बाजूला ठेवतो. शरीरावरचा परिणाम पाहायचा तर रुग्णांवर, जास्तीत जास्त अपेक्षित क्षेत्रफळावर लावून, शेवटी अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारं कोसिंट्रोपिन २५० मायक्रोग्रॅम देऊन तीस मिनिटांनी कॉर्टिसोल. डेसिलिटरला १८ मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली आलं तर अधिवृक्क दबलेत असं धरतात. निरोगी स्वयंसेवकांवर ही चाचणी करून मिळालेला निर्वाळा कमी किमतीचा, त्यांचा अडसर शाबूत असतो.

आणि नळी. बोटाच्या पेराइतकं क्रीम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, हाताच्या दोन पंजांएवढ्या (बोटांसह) जागेला पुरेसं, हे माप ५ मिलिमीटर तोंडाच्या नळीवर बसवलेलं आहे. घट्ट क्रीम सहज बाहेर यावं म्हणून ८ मिलिमीटरचं तोंड निवडलंत, तर त्याच पेरावर अडीचपट क्रीम येईल. चिकटपणा ठरवतानाच नळी समोर ठेवा.